दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने: न्यूमोनियाच्या लसीचं सीमाभागातलं वेळापत्रक

बाळ दीड महिन्याचं झालं की अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात पहिली मोठी लसीकरणाची फेरी होते. त्या दिवशी डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या दंडात पोलिओची छोटी सुई, तोंडात पोलिओ आणि रोटाचे थेंब, आणि उजव्या मांडीत आणखी एक इंजेक्शन. हे उजव्या मांडीतलं इंजेक्शन म्हणजे पीसीव्ही, न्यूमोकोकल लस. गावात तिला सगळे ‘न्यूमोनियाची लस’ म्हणतात. नाव चुकीचं नाही, पण त्यामुळे दोन गैरसमज होतात. एक, लस झाली म्हणजे आता न्यूमोनिया होणारच नाही. दुसरा, मांडीत एकदा सुई बसली म्हणजे काम झालं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात पहिल्यांदा आईबाप झालेल्यांसाठी, आणि नव्याने काम सुरू केलेल्या आशाताईंसाठीही, हा लेख या दोन गैरसमजांना धरूनच लिहिला आहे.

आधी आजार समजून घ्या

न्यूमोकोकस हा जिवाणू कुठून बाहेरून येत नाही. तो लहान मुलांच्या नाकाघशात राहतो आणि बहुतेक वेळा काहीही करत नाही. खोकल्या-शिंकेतून, मुके घेण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कधी सर्दी, फ्लू, गोवर यांनी घसा-श्वासनलिका कमजोर झाली की तो खाली उतरतो. कानात गेला तर कान फुटतो, फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया, रक्तात शिरला तर सेप्सिस (संसर्ग अंगभर पसरून जिवावर बेतणं), मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेनिंजायटिस. दोन वर्षांखालच्या मुलांना सगळ्यात जास्त धोका, कारण याच्या भोवती साखरेच्या रेणूंचं जे कवच असतं त्याविरुद्ध एवढ्या लहान शरीराला नीट प्रतिकारशक्ती तयार करता येत नाही.

जुन्या प्रकारची लस फक्त हे कवच वापरून केलेली होती, म्हणून ती दोन वर्षांखाली उपयोगाची नव्हती. नव्या लसीत तेच कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं. प्रथिन जोडल्यामुळे तान्ह्या बाळाचं शरीरही त्याला ओळखतं आणि ती ओळख लक्षात ठेवतं. ही पहिली जोड-लस अमेरिकेत २००० साली आली. भारतात सरकारी कार्यक्रमात ती २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. म्हणजे आज शाळेत वरच्या वर्गात असलेल्या तुमच्या थोरल्या मुलाला सरकारी केंद्रात ही लस मिळाली नसेल, तर ती नर्सबाईंची चूक नव्हे, तेव्हा ती इथे नव्हतीच. आता त्याला देण्यासाठी धावाधाव करायचीही गरज नाही; निरोगी मूल पाच वर्षांपुढे गेलं की ही लस नेहमीच्या यादीत येत नाही.

या जिवाणूचे सुमारे शंभर प्रकार आहेत. लसीत त्यातले दहा किंवा तेरा, जे मुलांना सगळ्यात जास्त मारतात ते, निवडून घातलेले असतात. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

तारखा आजच काढून ठेवा

सरकारी वेळापत्रकात पीसीव्हीचे तीन डोस आहेत: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. दहाव्या आठवड्यात बाळाला पुन्हा लसीकरणाला न्यायचं असतं, पण त्या दिवशी पीसीव्ही नसते. ‘मागच्या वेळी मांडीत दोन दिल्या, यावेळी एकच कशी?’ असं विचारणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर इतकंच की पीसीव्हीच्या पहिल्या दोन डोसांत किमान आठ आठवडे जावे लागतात.

एक उदाहरण धरा. बाळ ५ जानेवारीला जन्मलं. पहिला डोस १६ फेब्रुवारीनंतर जो लसीकरणाचा दिवस येईल त्या दिवशी. दुसरा १३ एप्रिलनंतर. तिसरा ५ ऑक्टोबरनंतर. दोन-चार दिवस उशीर झाला तर बिघडत नाही, आधी मात्र देत नाहीत. या तीन तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा आणि मोबाइलमध्येही टाका.

पहिला डोस राहून गेला असेल आणि बाळ अजून वर्षाचं झालं नसेल, तर सरळ केंद्रात जा. पहिला डोस वर्षाच्या आत मिळाला तर पुढचे डोस सरकारी केंद्रातच आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करून देतात. वर्ष उलटून गेलं आणि एकही डोस झालेला नसेल, तर सरकारी कार्यक्रमात ती संधी संपते. मग बालरोगतज्ज्ञांना विचारून खासगीत घ्यावी लागते. वय वाढलेलं असल्यामुळे डोस कमी लागतात, पण प्रत्येकाला हजारो रुपये मोजावे लागतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा डोस तिसरा, आणि तोच सगळ्यात जास्त राहून जातो. पहिले दोन बाळ अगदी तान्हं असताना, आई माहेरी किंवा बाळंतपणाच्या सुट्टीवर असताना होतात. नवव्या महिन्यात आई कामावर परतलेली असते, बाळ रांगत असतं, धडधाकट दिसतं. ‘आता कशाला सुई?’ असं घरातच कुणीतरी म्हणतं. पण पहिल्या दोन डोसांनी शिकवलेलं शरीर वर्षभराने विसरायला लागतं. नवव्या महिन्याचा डोस ते पक्कं करतो आणि नाकाघशातला जिवाणूही हटवतो. त्याच दिवशी गोवर-रुबेलाची पहिली सुई, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही असतो, म्हणजे एका चुकलेल्या फेरीत चार गोष्टी हातच्या जातात.

माहेर, सासर आणि मधली हद्द

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावच्या वडगावात असलं तरी माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे असतं. किंवा उलट: मुलगी कोल्हापूर जिल्ह्यात दिलेली आणि बाळंतपणाला येळ्ळूर-उचगावला आलेली. बाळाचा जन्म एका राज्यात, दीड महिन्याचा डोस तिथेच, साडेतीन महिन्यांचा डोस बारशानंतर सासरी आल्यावर दुसऱ्या राज्यात, आणि नऊ महिन्यांचा कधी नवरा गोव्यात कामाला असेल तर तिसऱ्याच राज्यात. लस तिन्ही ठिकाणी तीच, वेळापत्रकही तेच, कारण हा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. फुकट मिळते, आणि कुठल्या राज्याचं आधार आहे यावरून ती नाकारता येत नाही. बिघडतो तो फक्त नोंदीचा धागा.

तो धागा टिकवायला तीन गोष्टी करा.

बाळाचं मूळ कार्ड नेहमी आईसोबत ठेवा. कर्नाटकात आईला ‘तायी कार्ड’ मिळतं, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. सासरी निघताना कार्ड माहेरच्या कपाटात राहणं हे इतकं नेहमीचं आहे की निघण्याआधी आईने बॅगेत स्वतः हात घालून पाहावं. शिवाय लसीच्या पानाचा स्वच्छ फोटो काढून नवऱ्याला, सासूबाईंना, माहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. कार्ड भिजलं, हरवलं तरी फोटो चालतो.

दुसरं, यू-विनवर नोंद झाली का ते तिथेच विचारा. हे केंद्र सरकारचं लसीकरणाचं डिजिटल रजिस्टर आहे. मोबाइल नंबरावर नोंद होते आणि देशात कुठल्याही केंद्रात पुढचा डोस त्याच नोंदीवर घेता येतो. इथे लक्ष द्यायचं ते नंबराकडे. बऱ्याचदा नवऱ्याचा, नाहीतर माहेरच्या भावाचा नंबर दिला जातो, मग वर्षभरात ते सिम बदलतं. आईचा स्वतःचा, घरात राहणारा, चालू असलेला नंबर द्या आणि तिन्ही डोसांना तोच सांगा.

तिसरं, नव्या गावात पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईंना गाठा. त्यांच्या यादीत नाव चढलं की पुढच्या फेरीला त्याच बोलवायला येतात. यादीत नाव नसलेलं बाळ त्यांना दिसतच नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली बाळं, वीटभट्टीवरची बाळं अशीच निसटतात. वरच्या उदाहरणातलं जानेवारीचं बाळ पाहा: त्याचा तिसरा डोस ऑक्टोबरात येतो, म्हणजे नेमका गाळप हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल आणि कोपीत तान्हं मूल दिसलं, तर आशाताईंना एक फोन करा. त्या बाळाच्या नाकातला जिवाणू आणि तुमच्या नातवाच्या नाकातला जिवाणू एकाच वस्तीत फिरतो, हे कारण बाजूला ठेवलं तरी तो फोन करायलाच हवा.

कार्ड कानडीत आहे म्हणून घाबरू नका. आपल्याकडच्या बहुतेक नर्सबाईंना मराठी कळतं आणि पीसीव्ही हे नाव सगळीकडे तेच आहे. वाचताना एकच चूक टाळा: कानडीत ‘वार’ म्हणजे आठवडा. कार्डावर ‘६ वार’ लिहिलं असेल तर सहा आठवडे, ‘९ तिंगळु’ म्हणजे नऊ महिने. लस म्हणजे ‘लसिके’. प्रत्येक डोससमोर तारीख आणि सही आहे ना, एवढं तिथून उठण्याआधी पाहून घ्या.

सुईच्या दिवशी

बाळाला सैल चड्डी घाला, मांडी मोकळी करायला सोपी जाते. दूध पाजून न्या, आणि सुईच्या आधी-नंतर अंगावर घ्यायला तयार राहा. दूध पीत असताना बाळ कमी रडतं. साधी सर्दी, थोडा खोकला, पातळ शी असली तरी लस देता येते. चांगला ताप किंवा मोठं आजारपण असेल तर नर्सबाई किंवा डॉक्टर थांबायला सांगतील. तेव्हा पुढची तारीख लिहून घ्या, नाहीतर ती कधीच येत नाही. आधीच्या डोसनंतर अंगभर गांधी येऊन श्वास कोंडला होता, असं काही घडलं असेल तर सुई देण्याआधी ते सांगायलाच हवं.

एका दिवशी तीन सुया बाळाला जड जातील, अर्ध्या पुढच्या आठवड्यात घेऊ, असं म्हणू नका. बाळाचं शरीर त्या सगळ्या एकदम पेलतं. पुढचा आठवडा मात्र अनेकदा पुढच्या महिन्यात जातो.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. संध्याकाळी अंग गरम होणं, मांडी लाल-कडक होणं, एखादा दिवस किरकिर, हे अपेक्षित आहे. पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते निघतानाच विचारून ठेवा. सुईच्या जागी हळद, चुना, बटाट्याचा काप काहीही लावू नका, चोळू नका. ताप दोन दिवसांनंतरही राहिला, बाळ सुस्त पडलं, दूध सोडलं, तर ‘लसीमुळे असेल’ म्हणून वाट पाहू नका. लसीच्या त्याच आठवड्यात बाळाला दुसरा आजारही होऊ शकतो.

सरकारी घ्यावी की खासगी?

हा प्रश्न बेळगाव शहरात फार विचारला जातो, म्हणून थोडक्यात. सरकारी केंद्रातली लस चांगलीच आहे. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची ‘न्यूमोसिल’ तयार केली, जागतिक आरोग्य संघटनेने ती तपासून मान्य केली, आणि तिच्यात १९ए हा त्रासदायक प्रकारही आहे. खासगीत तेरा किंवा त्याहून जास्त प्रकारांच्या लसी मिळतात, आणि तिथे साधारण तीन डोस व दुसऱ्या वर्षात बूस्टर असं चार डोसांचं वेळापत्रक असतं. पैसे असतील तर खासगी घ्यायला हरकत नाही. पण दोन डोस खासगीत घेऊन तिसऱ्याला पैसे नाहीत म्हणून थांबण्यापेक्षा तिन्ही सरकारी घेतलेले केव्हाही बरे. मधे बदल करावाच लागला तर कार्डावर लसीचं नाव लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

लस आल्यावर काय बदललं

दक्षिण आफ्रिकेचा दाखला आपल्याला सगळ्यात जवळचा, कारण त्यांचं वेळापत्रक आपलंच: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. त्यांनी २००९ मध्ये सात प्रकारांची लस सुरू केली आणि २०११ मध्ये तेरा प्रकारांची. २०१२ पर्यंत दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोचलेला न्यूमोकोकसचा आजार ६९ टक्क्यांनी कमी झाला. लसीतल्या पहिल्या सात प्रकारांचा आजार तर ८९ टक्क्यांनी घटला. आणि ज्यांना लस दिलीच नव्हती अशा मोठ्या माणसांमध्येही तो उतरला. मुलांच्या नाकातून जिवाणू गेला की आजी-आजोबांपर्यंतही तो पोचत नाही. ज्या घरात दम्याचे, साखरेचे आजोबा आणि सहा महिन्यांचं बाळ एकाच अंथरुणावर असतात, त्या घराला याचा अर्थ लगेच कळेल.

आता दुसरी बाजू, जी लसीकरणाच्या भाषणात सहसा सांगत नाहीत. अमेरिकेत सात प्रकारांची लस आल्यावर ते सात कमी झाले, पण मोकळ्या झालेल्या जागेत लसीत नसलेला १९ए वाढला, आणि त्याला बरीच प्रतिजैविकं लागू पडत नव्हती. म्हणून पुढच्या तेरा प्रकारांच्या लसीत तो घेतला. हे होत राहणार आहे. यावरून लस फसली असा निष्कर्ष काढणारे संदेश फोनवर येतात, ते चूक आहेत. एकूण आजार कमीच झाला, थोडा भाग दुसऱ्या प्रकारांनी भरून काढला, एवढंच.

आणि न्यूमोनिया काही एकाच जिवाणूमुळे होत नाही. आरएसव्हीसारखे विषाणू, फ्लू, हिब नावाचा जिवाणू (त्याची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते), गोवरानंतरचा न्यूमोनिया, कितीतरी कारणं. जगात २०१९ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियाने गेली. तेव्हा तिन्ही डोस झालेलं बाळही धापू शकतं. फरक इतका की जीवघेण्या प्रकाराची शक्यता त्याच्यात फार कमी झालेली असते. डॉक्टर कार्ड मागतात तेही यासाठीच. तिन्ही डोस झालेल्या बाळाच्या तापाकडे ते वेगळ्या नजरेने पाहतात, एकही डोस नसलेल्या बाळाच्या तापाकडे वेगळ्या. म्हणून दवाखान्यात जाताना कार्ड न्यायचंच.

श्वास मोजायला शिका

एवढं एक कौशल्य घरातल्या दोन माणसांना आलं पाहिजे, त्यातली एक आजी असावी, कारण दिवसा बाळ तिच्याकडेच असतं.

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करा. दूध पिऊन झाल्याबरोबर किंवा रडून झाल्याबरोबर मोजू नका. ताप चढलेला असेल तर उतरल्यावर पुन्हा मोजा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. वर-खाली मिळून एक. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची सवय इथे धोक्याची, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मधेच वेगात, मधेच हळू चालतो. आकडा जास्त वाटला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे. हे आकडे कागदावर लिहून पाळण्याजवळ चिकटवा. खोकला-सर्दीबरोबर श्वास वेगात असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. उद्या सकाळी नको.

यापुढची खूण म्हणजे छाती आत ओढली जाणं. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत जातो. आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात तेच. ही दिसली, किंवा बाळ कण्हतंय, नाकपुड्या फुगतायत, दूध ओढत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय, झटका आला, हाक मारून उठत नाही, ओठ-जीभ निळसर झाली, यातलं एकही दिसलं, तर केंद्रात रांगेत बसायचं नाही, सरळ दाखल करायचं. दोन महिन्यांखालच्या बाळात तर नुसता ताप, किंवा अंग गार पडणं, दूध कमी पिणं एवढंही पुरेसं आहे. फार लहान आणि फार कुपोषित बाळांना न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. ‘ताप नाही, मग कसला न्यूमोनिया?’ या एका वाक्याने कितीतरी घरांत रात्र वाया जाते.

मेनिंजायटिसची खूण वेगळी असते. टाळू फुगून वर आलेली, मान ताठ, अखंड तीक्ष्ण रडणं, उजेड नको होणं, झटके. इथेही तासांचा हिशेब.

पोटावर डाग देणं, चटका देणं अजूनही काही वाड्यांवर चालतं. धापणाऱ्या बाळाला चटका दिला तर न्यूमोनिया तसाच राहतो आणि भाजल्याची जखम वर चढते. कुणी वडीलधाऱ्याने सुचवलं तर वाद घालत बसू नका, बाळाला उचला आणि निघा.

निघायचं कुठे

आजार व्हायच्या आधी हे ठरवून ठेवा. आपल्या भागात जवळचं मोठं रुग्णालय कधी राज्याच्या पलीकडे असतं. खानापूर तालुक्याला बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्सचं, आणि केएलईचं रुग्णालय जवळ. चंदगडकरांनाही कोल्हापूरपेक्षा बेळगावच सोयीचं. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. कागवाड, अथणीकडच्यांना मिरज. अंतर पाहा, जिल्ह्याचं नाव पाहू नका. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार, औषधं आणि वाहन मोफत आहे. खासगीत राज्याच्या योजनेचं कार्ड पलीकडे चालेल का, हे बाळ निरोगी असतानाच विचारून ठेवा. पोट उडायला लागल्यावर त्या चौकशीत वेळ घालवू नका. १०८ दोन्ही राज्यांत चालते.

जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांना पावसाळ्यात ओढे भरले की रस्ता तुटतो. तिथे जून-सप्टेंबरात थोडी शंका आली तरी दिवसाउजेडी निघा. उपकेंद्र वाटेत असेल तर थांबून दाखवा; मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधीचा औषधाचा पहिला डोस नर्सबाई तिथेच देऊ शकतात, आणि बोटाला लावायचं यंत्र असेल तर ऑक्सिजन पाहतात. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन लागणारच.

दवाखान्यात कुणी फक्त कानडी बोलणारं भेटलं तर दोन वाक्यं पुरतात. ‘उसिराट जोरागिदे’, श्वास जोरात चालतोय. ‘हालु कुडियुत्तिल्ल’, दूध पीत नाही.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक किंवा झोप आणणारं खोकल्याचं औषध आणू नका. आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर सांगितलेले सगळे दिवस द्या. तिसऱ्या दिवशी बाळ हसायला लागतं, बाटली फडताळात जाते, आणि अर्धवट मेलेला जिवाणू औषधाला सरावतो. दोन दिवसांत सुधारणा नसेल तर परत दाखवा.

घरातला धूर

लसीइतकंच हेही काम करतं. बाळाला अंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी द्यायची आपली जुनी पद्धत आहे, मागे माया आहे हे मला माहीत आहे. पण धूर तान्ह्या फुप्फुसाला सोसत नाही. कोरड्या पंचाने पुसून उबदार कपड्यात गुंडाळलं की पुरतं. शेगडी बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवू नका. पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल पेटते तेव्हा बाळाचा पाळणा दुसऱ्या खोलीत हलवा. बाळाच्या खोलीत विडी-सिगारेट नाही, पाहुणा कितीही मानाचा असला तरी. निपाणीकडे ज्या घरांत विड्या वळतात तिथे तंबाखूचं सूप आणि बाळ एका जागी असू नये.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गुटी, मध, साखरेचं पाणी नाही. सर्दी झालेल्याने बाळाला घेण्याआधी हात धुवावेत आणि तोंडाला तोंड लावू नये.

दवाखान्यातून घरी आल्यावर

न्यूमोनिया होऊन गेला म्हणजे आता लसीची गरज नाही, असं समजू नका. झालेला आजार एका प्रकाराने झाला असेल, बाकीचे प्रकार आहेतच. बाळ बरं झालं की उरलेले डोस पूर्ण करा. सिकलसेल, मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक आजार, हृदयाचं जन्मजात व्यंग, एचआयव्ही किंवा प्लीहा काढलेली असेल तर पाच वर्षांपुढेही लस लागू शकते. तज्ज्ञांना स्पष्ट विचारा.

मेनिंजायटिस होऊन गेलेल्या बाळाची श्रवणचाचणी मात्र घरी येण्याआधी, किंवा उशिरात उशिरा पहिल्या महिन्याभरात, झालीच पाहिजे. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसनंतर कानाची आतली नस जाण्याचा धोका मोठा असतो आणि बाळ आपल्याला ते सांगत नाही. टाळी वाजवून घरी पाहिलं, वळलं, म्हणून चाचणी सोडू नका. एका कानाने ऐकणारं बाळही वळतं. डिस्चार्जच्या कागदावर चाचणीचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना विचारून तारीख लिहून घ्या, आणि ती तारीखही त्याच कार्डात ठेवा.